गुरुवारचं पेट्रोल

नोर्जमाचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, आणि ती म्हणजे तिच्या गाडीच्या काचेखाली उजळणारा आकडा. माणसांचं तिला काही सांगू नका. माणसं तिने उभी हयात विजेच्या तारांवरची ट्रॉलीबस चालवताना आरशातून पाहिली होती. तिकीट काढायची वेळ आली की खिडकीबाहेर टक लावून बघणारे, कालचंच तिकीट चुरगळून दाखवणारे, दुसऱ्याच्या पोराला मांडीवर घेऊन सवलत मागणारे. अख्ख्या उलानबातरमध्ये आपल्याला फसवू न पाहणारा माणूस अजून भेटायचा आहे, असं ती म्हणायची. त्यात तिचा स्वतःचा नवराही आला.

नवरा लोदोई सरकारी ट्रकवर होता. ट्रकच्या टाकीत नळी घालायची, तोंडाने ओढायचं आणि डबा भरून रस्त्यात विकायचा, हा त्याचा जोडधंदा. घरी येताना तो चहाने खळखळून चुळा भरायचा. पण आमच्याकडे प्रेमाने माणसाचा गाल हुंगतात, आणि गाल खोटं बोलत नाही. लोदोईच्या गालावर नोर्जमा पेट्रोल ओळखायला शिकली. तो जाऊन बरीच वर्षं झाली, नाक मात्र तसंच तिखट राहिलं.

ट्रॉलीबस बंद झाल्यावर तिने ही निळी घेतली. जपानहून वापरून आलेली, बुटकी, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर चालणारी. आमच्या शहरात दर दुसरी गाडी तीच असते. स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्त्याची बाजूही उजवीच, त्यामुळे पुढच्याला मागे टाकताना मान बगळ्यासारखी लांबवावी लागते, पण त्याची सवय होते. घोड्याला आम्ही नाव ठेवत नाही, रंगाने हाक मारतो. तशी ही निळी. सकाळी आणि संध्याकाळी नोर्जमा तिच्यातून भाडी मारायची. रस्त्याच्या कडेला कुणी हात आडवा केला की थांबायचं, एवढाच आमच्याकडचा टॅक्सीचा कायदा.

निळीवर तिचा जीव जडला होता. गर्दीत गाडी तुंबली की निळीचं इंजिन गप्प व्हायचं आणि ती बॅटरीवर मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायची. "उभी असली की काही खात नाही माझी निळी, थेट ट्रॉलीबसचं रक्त," असं ती शेजारच्या भाड्याला ऐकवायची. पडद्यावर सगळं जपानीत लिहिलेलं, त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण लिटरमागे किती किलोमीटर, तो आकडा कुठल्याही भाषेत वाचता येतो. उन्हाळ्यात बावीस. हिवाळ्यात हीटर लावायचा म्हणजे इंजिन जास्त चालणार, तेव्हा अठरा. अठराच्या खाली निळी कधी गेली नव्हती. आणि किल्ली फिरवली की गाडीतून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी म्हणायची, तीही कधी चुकली नव्हती.

या हिवाळ्यात आकडा पंधरावर आला.

"थंडी बघ की किती पडलीय," दारी नावाची शेजारीण म्हणाली.

"मागच्या हिवाळ्यात काय पंखे लावून बसलो होतो?" नोर्जमा म्हणाली. "इथे काहीतरी पाणी मुरतंय, दारी."

आधी तिने पेट्रोलपंपावर संशय घेतला. पंप बदलून पाहिला, आकडा हलला नाही. मग टायरवर घेतला. रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा लावला, बॉनेटवर नमद्याची गोधडी घातली, तरी पंधराच. मग तिच्या लक्षात आलं की आकडा रोज घसरत नाही. बुधवारी संध्याकाळी तो बरा असतो आणि शुक्रवारी सकाळी पडलेला असतो. मधला गुरुवार हा निळीचा सक्तीच्या विश्रांतीचा वार. गर्दी कमी व्हावी म्हणून प्रत्येक नंबरप्लेटला आठवड्यातला एक दिवस रस्त्यावर यायची बंदी आहे, निळीचा गुरुवार. त्या दिवशी नोर्जमा बाजार करायची आणि तसंच बहिणीकडे जाऊन संध्याकाळपर्यंत गप्पा मारत बसायची. निळी अंगणात उभी. अंगणात घरं दोन, नमद्याचे गोल तंबू, आमच्याकडे त्यांना गेर म्हणतात. एका गेरमध्ये नोर्जमा, आणि दुसऱ्या गेरमध्ये तिची मुलगी उयांगा, आठ महिन्यांचा नातू तेमूलेन आणि जावई सोदनोम.

उयांगा दिवसभर दुकानात गल्ल्यावर असते. सोदनोम रात्री एका गोदामावर पहारा करतो, म्हणजे दिवसा घरी तोच. निळीची दुसरी किल्ली उयांगाकडे, अडीनडीला म्हणून ठेवलेली. नोर्जमाने हे सगळं मनातल्या मनात जोडलं आणि तिला थंडीतही घाम फुटला. घरात पुन्हा एक लोदोई आला होता.

खरं सांगायचं तर सोदनोमवर तिचा राग पेट्रोलच्या आधीपासूनचा. तो घरजावई होता, म्हणून ती त्याला टोमणे मारायची, आणि तो घरजावई राहणार नाही, याची तिला त्याहून जास्त धास्ती होती. सप्टेंबरात त्याने विषय काढला होता. "आई, हिवाळ्यापुरतं आम्ही बिल्डिंगमध्ये एखादी खोली बघू का? बाळाला धूर सोसत नाही." आमच्या चिंगेलतेई डोंगराच्या उतारावर हजारो गेर, प्रत्येकात कोळशाची लोखंडी चूल, हिवाळ्यात हवा तपकिरी होते हे तिलाही दिसत होतं. पण तिच्या कानांनी एवढंच ऐकलं की हा माझी मुलगी आणि माझा नातू घेऊन चालला. ती म्हणाली, "या चुलीवर मी मुलगी वाढवलीय, जावईबापू. माझ्या चुलीला जो खोकतो, तो मला खोकतो." त्यानंतर खोलीचं नाव सोदनोमने काढलं नाही. बाळ खोकत राहिलं, नोर्जमा त्याला मेंढीच्या शेपटाच्या चरबीचं सूप चाटवत राहिली.

आता तिला सगळा उलगडा झाला. हा पेट्रोल विकतोय. खोलीसाठी साठवतोय. माझ्याच निळीच्या जिवावर माझीच मुलगी पळवणार!

तिने दुसरी किल्ली मागून घेतली असती तर मिटलं असतं, पण तिला चोर रंगेहाथ हवा होता. बुधवारी संध्याकाळी तिने घोड्याच्या शेपटीचा एक केस पेट्रोलच्या झाकणावर आडवा ठेवला आणि त्याला दोन्ही टोकांना थुंकी लावली. आमच्याकडच्या थंडीत थुंकी क्षणात दगड होते, सरकारी लाखेच्या मोहरेपेक्षा पक्की. किलोमीटरचा आकडाही तिने पाठ केला. शुक्रवारी सकाळी पाहते तर केस जसाच्या तसा. किलोमीटर एकानेही वाढलेले नाहीत. आणि पेट्रोलचा काटा खाली!

दुसरी एखादी बाई इथे थांबली असती. नोर्जमाचा संशय उलट पक्का झाला. "लोदोईला नळी तरी लागायची," ती दारीला म्हणाली. "हा हात न लावता काढतो."

"अगं, गाडीला कुठे भोक पडलं असेल."

"भोक फक्त गुरुवारी गळतं का?"

त्याच सुमारास सोदनोमने आगीत तेल ओतलं. सकाळी ती गाडी काढत असताना तो बाळाला घेऊन जवळ आला आणि म्हणाला, "आई, ती जपानी बाई बंद करून देऊ का? एक बटण दाबलं की झालं. उगाच दचकायला होतं."

नोर्जमाचे कान टवकारले गेले. "कुणाला दचकायला होतं, जावईबापू? मला तर होत नाही."

"नाही, सहज म्हटलं."

"तिला हात लावायचा नाही. या घरात खरं बोलणारी ती एकटीच उरलीय."

सोदनोम हसला, तेही तिला आवडलं नाही. साक्षीदाराचं तोंड बंद करायला निघालेला माणूस असाच हसणार. त्याने बाईला हात मात्र लावला नाही, एवढं नोर्जमाने रोज सकाळी तपासलं.

फेब्रुवारीत त्सगान सार आला, आमचं नवं वर्ष. तीन दिवस मांस भरून वाफवलेले बूझ खायचे, खारा चहा प्यायचा, आणि धाकट्यांनी थोरांच्या कोपरांखाली हात देऊन नमस्कार करायचा. थोरांनी त्यांचे दोन्ही गाल हुंगायचे. सोदनोम नव्या देलमध्ये, म्हणजे लांब अंगरख्यात, कमरेला पिवळा पट्टा बांधून सासूसमोर वाकला. "आई, बऱ्या आहात ना?" नोर्जमाने त्याचा उजवा गाल हुंगला. मग डावा. मग पुन्हा उजवा, आणि चांगला दीर्घ श्वास घेऊन. पाहुण्यांमध्ये कुणीतरी म्हणालं, "जावयावर भारी माया हो!" सोदनोमच्या गालाला दुधाचा आणि बाळाच्या तेलाचा वास येत होता. पेट्रोलचा मागमूस नाही. चुळा भरून आलाय, नोर्जमाने ठरवलं. उयांगा चहाची किटली हातात धरून आईकडे बघत उभी होती.

सणानंतरच्या गुरुवारी नोर्जमा नेहमीसारखी पिशवी घेऊन निघाली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि मागच्या बाजूने दारीच्या अंगणात शिरली. मधल्या लाकडी कुंपणाला कान लावून दोघी उभ्या राहिल्या. साक्षीला दुसरं माणूस हवं म्हणून दारी. दारीला असलं काही आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं, तिने पानविड्यासारखा तोंडात आरूलचा तुकडा धरला होता, घट्ट वाळलेल्या दह्याचा, म्हणजे तोंडातून शब्द बाहेर पडायला नको.

बराच वेळ काही नाही. पाय बधिर झाले. मग पलीकडे गेरचं दार करकरलं, बर्फावर पावलं वाजली, आणि त्या थिजलेल्या अंगणात जपानी बाई गोड आवाजात बोलली.

चोर कामात गुंतावा म्हणून नोर्जमाने आणखी अर्धा तास दम धरला, मग "सापडला!" म्हणत दारीचा हात धरून धावली. फाटकातून आत, निळीपाशी. इंजिनाचा आवाज नव्हता. मागच्या काचांवर आतून वाफ धरली होती. तिने मागचं दार खस्सकन उघडलं आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "चोरा! माझ्या घरात राहून मलाच लुटतोस?"

सोदनोम मागच्या सीटवर आडवा बसला होता, रात्रीच्या पहाऱ्याने डोळे तांबारलेले. देलचं पुढचं पान उघडं, आणि आत त्याच्या छातीवर तेमूलेन झोपलेला. बाळाचे ओठ किंचित उघडे होते, श्वास संथ चालला होता. हा श्वास नोर्जमाने कधी ऐकला नव्हता. तिच्या ऐकण्यातला तेमूलेन झोपेतही घरघरायचा. उघड्या दारातून बाहेरचा तपकिरी धूर आत घुसला. बाळाने नाक आकसलं, आणि पहिला खोकला आला. मग दुसरा. मग ते छोटं शरीर खोकल्याने उडायला लागलं.

सोदनोमने बाळाच्या तोंडावर हात आडवा धरला. तो ओरडला नाही. "आई," तो म्हणाला, "आधी दार लावा. धूर येतोय."

तिने दार लावलं. काय करावं न सुचून ती पुढच्या दाराने आत शिरली, आपल्या जागेवर बसली आणि तेही दार लावलं. दारी बाहेर काचेला नाक लावून उभी राहिली. आत उबदार होतं. तेवढ्यात पुढे कुठेतरी इंजिन अंग झाडून जागं झालं, थोडा वेळ गुरगुरलं, आणि पुन्हा झोपलं. नोर्जमाने पडद्याकडे पाहिलं. गाडी जागची हलली नव्हती. आकडा तिच्या डोळ्यांदेखत एका दशांशाने उतरला.

"उभ्या गाडीतही हीटरसाठी इंजिन सुरू होतं," सोदनोम मागून हळू आवाजात म्हणाला. "तुम्हाला वाटतं ती काही खात नाही. खाते थोडं."

"आणि हे किती दिवस?"

"नोव्हेंबरपासून. डॉक्टर म्हणाली, जमेल तितका वेळ धुराबाहेर ठेवा. गाडीत हवा गाळायची जाळी असते, ती मी नवी बसवली. गुरुवारी गाडी घरी असते, म्हणून गुरुवार."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सप्टेंबरात सांगितलं होतं."

नोर्जमाला ते वाक्य आठवलं, माझ्या चुलीला जो खोकतो तो मला खोकतो. ते तिने किती ऐटीत म्हटलं होतं! तिला वाटलं, आत्ता मागे वळावं आणि बाळाचं डोकं हुंगावं. पण बाहेर दारी बघत होती, आणि तिच्या तोंडातून आलं ते भलतंच. "म्हणून काय चोरून? किल्ली घेताना विचारायचं नाही? पेट्रोल काय तुझ्या बापाचं?"

सोदनोमने बाळाची टोपी सारखी केली. "नाही, आई. तुमचं."

संध्याकाळपर्यंत दारीने गल्लीभर केलं. तिच्या सांगण्यात चोर होता, धावपळ होती, रंगेहाथ पकडणं होतं. बाळ नव्हतं, कारण दार उघडलं तेव्हा ती नोर्जमाच्या पाठीमागे होती आणि नंतर वाफेच्या काचेतून तिला ते दिसलंच नव्हतं. उयांगा दुकानातून परतली तेव्हा कोपऱ्यावरच्या पाण्याच्या केंद्रावर रांगेतल्या बायकांनी तिला विचारलं, "तुझ्या नवऱ्याला म्हणे आईने पकडलं?"

ती थेट आईच्या गेरमध्ये आली. बसली नाही.

"त्यांना खरं काय ते सांग जाऊन," ती म्हणाली.

"सांगते ना. दारीला उद्या सांगते. तिलाच काही पचत नाही."

"दारीचं राहू दे. सणाला तू त्याचा गाल तीनदा हुंगलास. मला कळलं नाही वाटतं? मीही ट्रकवाल्याचीच मुलगी आहे, आई. बाबा आले की तू काय हुंगायचीस, ते मी लहानपणापासून बघतेय. तो रात्रभर जागतो आणि दिवसा बसून माझ्या लेकराला श्वास घ्यायला लावतो. त्याच्या अंगाला तू चोरीचा वास शोधलास."

नोर्जमाने चुलीत कोळसा घातला. गरज नव्हती, पण हात कुठेतरी लावायला हवे होते. "जाशील का मग?" तिने चुलीकडेच बघत विचारलं. एवढ्या महिन्यांत हा एकच प्रश्न तिच्या पोटात होता.

"जाऊ," उयांगा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ते गेले. सामान फार नव्हतं. शेजारचा छोटा ट्रक आला, निळीतून सोडते असं म्हणायचं नोर्जमाच्या ओठावर आलं आणि तिथेच राहिलं. ट्रक हलला तेव्हा तिने रीतीप्रमाणे चाकांवर आणि मागोमाग रस्त्यावर दूध शिंपडलं, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसांसाठी शिंपडतात तसं. जायचं होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला. दूध बर्फावर पडताच गोठलं आणि त्याचे पांढरे ठिपके आठवडाभर फाटकाशी तसेच राहिले. दारीला तिने खरं सांगितलं, चारचौघींत, रांगेत उभं राहून, आणि ते सांगताना तिला ट्रॉलीबसमधल्या त्या फुकट्या प्रवाशांसारखं खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. बायकांनी ऐकून घेतलं. चोराची गोष्ट त्यांना जास्त आवडली होती, हेही तिला दिसलं.

आकडा चढायला लागला. सोळा, मग सतरा. मार्चमध्ये एका शुक्रवारी सकाळी किल्ली फिरवली तर जपानी बाई बोलली आणि पडद्यावर अठरा उजळला. स्वच्छ, गोल अठरा. हिवाळाभर तिने ज्या आकड्यासाठी केस लावले, पुठ्ठे लावले, कुंपणाला कान लावले, तो हा. नोर्जमा त्याच्याकडे बघत बसली आणि तिला तो आकडा आवडेनासा झाला. गुरुवारी आता निळीत कुणी श्वास घेत नव्हतं. मधले तीन किलोमीटर कुठे जात होते ते तिला माहीत होतं, आणि आता ते परत आले होते तर त्यांचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी ती बाजारातून बहिणीकडे गेली नाही. बस पकडून मुलीकडे गेली. सहावा मजला, खोली एवढीशी, पण भिंतीतल्या नळांतून ऊब येत होती आणि चूल कुठेच नव्हती. उयांगा दुकानात होती. सोदनोमने दार उघडलं, मागे सरून वाट दिली, चहा ओतला. तेमूलेन सतरंजीवर पालथा पडून चमच्याने जमीन बडवत होता. नोर्जमाने त्याला उचललं आणि टाळूवर नाक टेकवलं. इतके महिने ती ज्याला आपल्या घरचा वास म्हणत होती, तो तिथे नव्हता. तिथे फक्त बाळ होतं. ती बराच वेळ हुंगत राहिली, आणि या वेळी ती काही शोधत नव्हती. बाळ एकदाही खोकलं नाही.

सोदनोमने वाडगा तिच्यापुढे सरकवला आणि आमच्याकडे दोन गाडीवाले एकमेकांना विचारतात ते विचारलं.

"निळी आता किती देते, आई?"

नोर्जमा निळीच्या आकड्याबद्दल जन्मात खोटं बोलली नव्हती. प्रवाशाशी नाही, दारीशी नाही. तिने चहाचा घोट घेतला.

"पंधराच," ती म्हणाली. "तुम्ही होता तेव्हा द्यायची तेवढंच. काही फरक नाही."

सोदनोमने तिच्याकडे पाहिलं. गाड्यांमधलं त्यालाही कळत होतं. तो खाली वाकला, बाळाच्या हातून निसटलेला चमचा उचलून परत त्याच्या मुठीत दिला, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मग लक्ष ठेवा, आई. नक्की कुणीतरी चोरतंय."

"ठेवते ना," नोर्जमा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. "पुढच्या गुरुवारी येऊन सांगते."